बँकेला सुतक कळवण्याबाबत

माझ्या बायकोने नऊ वर्षांत बँकेला एक रुपयाही फुकटचा दिला नाही, असं तिच्या तेरवीला तिच्या भावाने मांडवात उभं राहून सांगितलं, आणि बसलेले लोक मान हलवत राहिले. गेलेल्या बाईबद्दल लोक साधारणपणे ती प्रेमळ होती, तिच्या हाताला चव होती असं बोलतात. तिच्याबद्दल पहिलं निघालं ते हे. मला बरं वाटलं. ती प्रेमळ होती, पण ते तिने गावभर कळू दिलं नव्हतं. आणि हाताला चव होती असं म्हणणं म्हणजे मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलणं झालं असतं.

कार्ड खरं तर माझ्या नावाचं होतं. दारव्ह्याच्या ज्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे तिथे एकदा टाय लावलेला एक गृहस्थ आला आणि पहिलं वर्ष फुकट म्हणून सगळ्या स्टाफकडून क्रेडिट कार्डाचे अर्ज भरून घेऊन गेला. महिन्याभराने कार्ड पोस्टाने घरी आलं. मी ते टेबलाच्या खणात टाकलं आणि विसरलो. तिने ते तिसऱ्या दिवशी काढलं. सोबत बारीक अक्षरांचं घडीचं पत्रक होतं. ते तिने माझं भिंग घेऊन दोन दुपारी वाचलं आणि मग जाहीर केलं की हे लिहिणारा माणूस हुशार आहे, पण आपल्यापेक्षा जास्त नाही. तेव्हापासून कार्डावर नाव माझं आणि राज्य तिचं. बँकेकडे मोबाइल नंबरही तिने स्वतःचा लावला. माझ्या फोनवर आलेलं मी काही वाचत नाही, हे तिचं कारण होतं, आणि ते खरं होतं.

तिची पद्धत सोपी होती, फक्त ती पाळायला घरात तिच्यासारखं माणूस लागतं. बिल आठ तारखेला निघायचं, भरायची शेवटची तारीख सव्वीस. म्हणून आमच्या घरी कोणतीही मोठी वस्तू नऊ तारखेला यायची. नऊला घेतलेल्या वस्तूचे पैसे थेट पुढच्या महिन्याच्या सव्वीसला द्यायचे, म्हणजे सत्तेचाळीस दिवस बँकेचा पैसा आपल्या घरी बिनभाड्याने राहतो, असं ती म्हणायची. एकदा फ्रीज एप्रिलच्या तीस तारखेला बंद पडला. तिने नऊ मेपर्यंत नवा घेऊ दिला नाही. नऊ दिवस आम्ही कोमट पाणी प्यायलो, दूध दिवसातून तीनदा तापवलं, आणि ती रोज सकाळी कॅलेंडरसमोर उभी राहून समाधानाने हसत होती.

बँकेने तारखेला पैसे आपोआप कापून घ्यावेत ही सोय तिने नाकारली. "आपल्या खिशात त्याईचा हात कायले पायजे?" असं तिने मला विचारलं होतं. बिलावर मोठ्या अक्षरात छापलेली 'किमान देय रक्कम' ही तिच्या मते भरायची तर नसतेच, वाचायचीही नसते. त्या आकड्याकडे पाहिलं की माणसाला वाटतं आपलं एवढ्यात भागलं, आणि तिथून पुढे बँक त्याच्या घरी जेवायला बसते. कार्डाने एटीएममधून नगद काढणं हे पाप, कारण वस्तूला सत्तेचाळीस दिवस मिळतात, नोटेला एक मिनिटही मिळत नाही. बिनव्याजी हप्ते ही थट्टा. हे सगळं ती गल्लीतल्या बायांना सांगायची आणि तिचा भाऊ, ज्याचं पुसदला कूलर आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे, तो आपल्या गिऱ्हाइकांना सांगायचा. सांगताना तो 'माझी बहीण म्हनते' असं सुरू करायचा.

वर्षाचं शुल्क लागायची वेळ आली की ती बँकेला फोन करायची. त्या दिवशी मी कॉलेजातून लवकर यायचो. ती आधी पाणी प्यायची, पदर खोचायची आणि मग अतिशय दुःखी आवाजात सांगायची की कार्ड बंद करायचं आहे. पलीकडचा माणूस कारण विचारायचा. ती म्हणायची, "तुमचं काही चुकलं नाही हो. आमचंच मन उडालं." मग तो शुल्क माफ करायचा, ती थोडी आणखी उदास व्हायची, तो वर काही पॉइंट द्यायचा, आणि शेवटी ती मोठ्या मनाने आणखी एक वर्ष थांबायला तयार व्हायची. नऊ वर्षांत आठ वेळा तिने हे केलं. आठही वेळा मी दाराआड उभा होतो.

मग एका सकाळी मेथी निवडता निवडता तिने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. डोकं दुखणं तिच्याकडे पूर्वी नव्हतं. दारव्ह्याहून यवतमाळच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं होतं. त्याबद्दल मला इथे जास्त लिहायचं नाही. लिहायला बसलो की अजून मेथीच्या जुडीपर्यंतच जाता येतं.

तेरा दिवस घर मोठेबाबांच्या ताब्यात होतं. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. दारव्ह्याजवळच्या गावात त्यांची तुरीची आणि कपाशीची शेती आहे, वय ऐंशीच्या पुढे आणि आवाज चाळिशीचा. आमच्या भावकीत एक रीत आहे, ती मला तोपर्यंत नीट माहीत नव्हती. सुतकाचे तेरा दिवस घरातून पैसा बाहेर जात नाही. येऊ शकतो, जाऊ शकत नाही. दूधवाला दूध ठेवून मुकाट्याने जातो, किराणावाला लिहून ठेवतो, सामान सोयरे आणतात. मी कारण विचारलं, तेव्हा मोठेबाबांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मला वाद घालावासा वाटला नाही.

"गेलेलं मानूस तेरा दिवस घरातच राह्यते. पैसा बाहेर गेला का त्याच्या मांगं मांगं तेही जाते. मंग वाट भुलते."

मी शिकलेला माणूस आहे. ग्रंथालयात आत्म्याविषयीची पुस्तकं कोणत्या कपाटात लावायची हे मीच ठरवलेलं आहे. पण माझी बायको पैशामागे जाईल, हे मला ताबडतोब पटलं.

सहाव्या दिवशी दुपारी बैठकीत पंधरा-वीस माणसं बसली असताना तिचा फोन वाजला. तो तिच्या फोटोशेजारी, दिव्याजवळ ठेवलेला होता. कुणीतरी रोज इमानाने चार्ज करत होतं. तिच्या भावाने फोन उचलला आणि वाचला.

"कोनाचं हाये?" मोठेबाबांनी विचारलं.

"बँकेचं. आठ हजार सहाशे चाळीस. आजची आखरी तारीख हाये म्हनते."

"तं सांग ना बँकेले सुतक हाये म्हनून. त्याईच्या घरी कोनी मरत नाई का?"

सगळ्यांना ते रास्त वाटलं. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं की बँकवालेही माणसंच आहेत. तिच्या भावाने माझ्याकडे पाहिलं. त्याला नियम माहीत होते. बहिणीकडूनच शिकला होता. मलाही माहीत होते. खात्यात पैसे होते, फोन हाताच्या अंतरावर होता, आणि दोन मिनिटांचं काम होतं. मी मान हलवली. भरू नका, अशी. कारण माझ्या डोळ्यांसमोर स्पष्ट दिसलं की मी पैसे भरले, ती त्यांच्यामागे निघाली, बँकेत पोहोचली आणि तिथली हिशेबाची पद्धत पाहून तिथेच थांबली. सात दिवस उरले होते. ते मला हवे होते.

चौदाव्या दिवशी सकाळी मी पूर्ण रक्कम भरली. आयुष्यातलं पहिलं बिल. मला वाटलं की आता झालं.

आठ तारखेला नवं बिल आलं. उशिराचं शुल्क सहाशे. व्याज चारशे बारा. तेही सव्वीस तारखेपासून नाही, तर तिने जी वस्तू ज्या दिवशी घेतली त्या दिवसापासून. एक तारीख चुकली की मागचे सगळे फुकटचे दिवस बँक परत घेते, हे त्या पत्रकात असणारच. तिने वाचलं होतं, मी वाचलं नव्हतं. दोन्हींवर मिळून कर एकशे ब्याऐंशी रुपये सोळा पैसे. एकूण अकराशे चौऱ्याण्णव रुपये सोळा पैसे. मोठेबाबांना फोनवर सांगितलं तर त्यांना रकमेपेक्षा सोळा पैशांचा राग आला. सोळा पैसे कोणत्या बाजारात चालतात, तेवढं बँकेला विचारायला त्यांनी सांगितलं.

तिच्या भावाला मी सांगणार नव्हतो. त्यानेच पुसदहून फोन करून विचारलं. ऐकल्यावर तो म्हणाला, "भाऊजी, मी तेरवीत भर मांडवात बोललो. तवा हे लागूनच होतं म्हना."

मी हो म्हणालो.

"मंग हे वापस घ्यायलेच लावा. पैशाचं नाई. मी देतो पैसे. तिच्या नावाले हे राह्यलं नाई पायजे."

मलाही तेच वाटत होतं, फक्त मी इतक्या सरळ शब्दांत स्वतःशी बोललो नव्हतो. नऊ वर्षं, कधी फ्रीजशिवाय, कधी कॅलेंडरसमोर, कधी पदर खोचून, तिने जे राखलं होतं, ते मी चौदा दिवसांत घालवलं होतं. तिच्या मागे राहिलेल्या वस्तूंमध्ये दोन बांगड्या, एक शिलाई मशीन आणि हा विक्रम होता. विक्रम तेवढा माझ्या हातून फुटला.

मी बँकेला फोन लावला. इंग्रजीसाठी एक, हिंदीसाठी दोन दाबा असं करत करत मी बराच खोल गेलो आणि शेवटी एक मुलगी भेटली. मी तिला हिंदीत सांगितलं की घरी मृत्यू झाला, सूतक होतं, सूतकात आम्ही पैसे देत नाही. तिने सूतक म्हणजे काय ते विचारलं. मी समजावून सांगितलं. माझी हिंदी पुस्तकी आहे, त्यामुळे ते फारच गंभीर झालं असावं. तिने अतिशय नम्रपणे विचारलं की देहांत कार्डधारकाचा झाला आहे का. मी म्हणालो, नाही, कार्डधारक मी.

"सर, फिर आप तो हैं," ती म्हणाली.

हे म्हणताना तिचा काहीच हेतू नव्हता. तिच्यासमोरच्या पडद्यावर दोनच रकाने असतील, आहे आणि नाही, आणि मी पहिल्यात बसत होतो. मी तिचे आभार मानले आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात मी यवतमाळच्या शाखेत गेलो. तिथे एक तरुण अधिकारी बाई होत्या, बोलण्यावरून नागपूरच्या असाव्यात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सुतक त्यांना समजावून सांगावं लागलं नाही, पण कॉम्प्युटरला सांगावं लागेल आणि त्याला ते समजणार नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी एक वाट दाखवली. नऊ वर्षांत एकही शुल्क, एकही व्याज लागलेलं नसेल तर त्या वरच्या ऑफिसला शिफारस करतील. अशा गिऱ्हाइकाला एकदा माफी मिळते. अर्ज लिहून आणा, मृत्यूचा दाखला जोडा, सोमवारी या, आपण इथेच बसून सगळं रेकॉर्ड काढू. मी त्यांना सांगितलं की रेकॉर्डची चिंताच नको.

अर्ज मी तीनदा लिहिला. विषयाच्या ओळीतच अडकलो. 'सुतकामुळे देयक विलंबाने भरल्याबाबत' हे बरोबर होतं, पण त्यात ती कुठेच नव्हती. 'बँकेला सुतक न कळवल्याबाबत' असं लिहिलं तर चूक माझी होत होती, आणि ती होतीच. शेवटी खालच्या मजकुरात मोठ्या अक्षरात लिहिलं की सदर कार्डावर नऊ वर्षांत कोणतेही शुल्क आकारले गेलेले नाही, आणि पुराव्यासाठी सगळी बिलं जोडायची ठरवली. तशी गरज नव्हती. पण ग्रंथपालाला पुरावा दिसला की राहवत नाही.

बिलं तिने बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात ठेवली होती. दर महिन्याला माझ्या मेलमधून झेरॉक्सच्या दुकानात छापून आणायची, लाल पेनने एकेका ओळीवर खूण करायची आणि खाली 'भरले' लिहून तारीख घालायची. वर्षावर्षाचे गठ्ठे, प्रत्येकाला जुन्या साडीच्या काठाची चिंधी बांधलेली. माझ्या ग्रंथालयातली नोंदवही इतकी स्वच्छ नाही. मी एकेक गठ्ठा सोडून महिने मोजत गेलो. पहिलं वर्ष बारा. दुसरं बारा. तिसरं बारा. चौथं अकरा.

पुन्हा मोजलं. जून नव्हता. चिंधी तशीच घट्ट बांधलेली, मे आणि जुलै एकमेकांना चिकटून. पडून हरवला असता तर डब्यात सापडला असता. हा काढलेला होता.

मेल माझा होता आणि मी तो उघडत नाही यावर तिचा पूर्ण विश्वास होता. तो योग्यच होता, त्या दिवसापर्यंत. मी जूनचं बिल शोधून उघडलं. किराणा, गॅस, विम्याचा हप्ता, आणि मधोमध एक ओळ. एटीएम, पुसद. नगद उचल, एक हजार. खाली नगद उचलीचं शुल्क पाचशे. त्याखाली व्याज, त्याखाली कर. हजार रुपये नगद हातात घ्यायला तिने सहाशे एकतीस रुपये मोजले होते.

तारीख पाहिली आणि मला आठवलं. तिच्या भावाच्या मुलीचं लग्न. आम्ही दारव्ह्याहून शेअर जीपने गेलो होतो, उन्हाळा होता, जीपमध्ये चौदा माणसं आणि एक बकरी होती. मांडवात पोहोचलो आणि थोड्या वेळाने ती कुठेतरी गेली. अर्ध्या तासाने आली तेव्हा घामाने चिंब होती. मी विचारलं तर म्हणाली, पाणी प्यायला गेलती. मी पुस्तकात परत डोकं घातलं. मग आहेराची वही घेऊन बसलेल्या माणसाने माइकवरून पुकारलं, नवरीच्या आत्याकडून एक हजार एक रुपये. आणि दुसऱ्या दिवशी जीपवाला तिची पर्स घरी आणून देऊन गेला. सीटखाली सापडली म्हणाला. तिने ती उघडून पैसे मोजले आणि मला सांगितलं की तशीही रिकामीच होती.

भर मांडवात, भावाच्या दारात, तिच्याकडे आहेराला पैसे नव्हते, होतं ते फक्त कमरेच्या बटव्यातलं कार्ड. उसने मागायचे तर भावाच्याच सोयऱ्यांकडे. माझ्या खिशात परतीच्या जीपचे पैसे आणि थोडी चिल्लर असते हे तिला माहीत होतं. मग ती उन्हात पुसदच्या बाजारात चालत गेली आणि स्वतःच्या सगळ्यात मोठ्या नियमाची मान तिने स्वतःच्या हाताने मुरगळली. तेही नोटेला एक मिनिट मिळत नाही हे पक्कं माहीत असताना. हजारावर लावायचा एक रुपया मात्र तिने माझ्याकडून मागून घेतला होता. तेही आठवलं. मला विचारलं होतं, फक्त एका रुपयासाठी.

मी हसायला लागलो. ती गेल्यानंतर पहिल्यांदा, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. पुढची पाच वर्षं तिने याच तोंडाने बायांना नगद उचलीवर व्याख्यानं दिली होती. दाराआडून ऐकून शेजारच्या काकू मी रडतोय समजून कढीभात घेऊन आल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. मी कढीभात खाल्ला. त्यांना काही सांगितलं नाही.

मग लक्षात आलं की आता अर्ज खोटा होता. मी नवीन लिहिला. नऊ वर्षांचं वाक्य काढून टाकलं आणि त्या जागी पत्नी कार्ड काळजीपूर्वक वापरत असे एवढंच घातलं. माफी मिळाली तर ठीक, नाही तर नाही. कुणालाही न सांगता जाऊन यायचं असं ठरवलं.

सोमवारी यवतमाळच्या बस स्टँडवर उतरलो तर तिचा भाऊ समोर उभा. सोमवारचं मी मोठेबाबांना आधीच बोलून बसलो होतो, त्यांच्याकडून त्याला कळलं होतं. दुकान बंद ठेवून, इस्त्रीचा शर्ट घालून तो पुसदहून पहिल्या बसने आला होता. मी त्याला चहा घेऊन परत जा असं तीन प्रकारे सुचवलं. त्याने तिन्ही वेळा सांगितलं की तुम्हाले भांडता येत नाई, भाऊजी, तुम्ही नुसते सोबत बसा.

अधिकारी बाईंनी आमच्यासाठी दोन खुर्च्या ओढल्या, अर्ज वाचला, दाखला पाहिला आणि कॉम्प्युटरवर रेकॉर्ड उघडलं. तिचा भाऊ पुढे सरकून बसला. त्या एकेक वर्ष खाली सरकवत होत्या आणि तो त्यांना त्याच्या बहिणीबद्दल सांगत होता: फ्रीजची गोष्ट, वार्षिक शुल्काचे फोन, किमान देय रक्कम. त्या मधूनमधून हसत होत्या. मग हसणं थांबलं आणि हातही थांबला. कुठे थांबला ते मला कळलं. ते पान मला एव्हाना पाठ झालं होतं.

"मॅडम, फिरवा ना जरा इकडे," तिचा भाऊ म्हणाला. "मलेबी पाहू द्या. एकही लाल ओळ दिसनार नाई तुम्हाले."

पडदा फिरला असता तर त्याला पुसद दिसलं असतं आणि त्याच्या मुलीच्या लग्नाची तारीख दिसली असती. त्याला वाचायला एवढंच पुरेसं होतं. अधिकारी बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ग्रंथालयात कुणी मोठ्याने बोलू लागलं की मी जशी मान हलवतो, बोटभर, तशी हलवली. नाही.

त्यांनी पडदा जागचा हलवला नाही. माऊसने ते सगळं बंद केलं.

"रेकॉर्ड एकदम स्वच्छ आहे," त्या तिच्या भावाला म्हणाल्या. "मी असं कार्ड पाहिलं नाही आजपर्यंत. पण माफी नाही होणार. कारण सिस्टिममध्ये बसत नाही."

"मानूस मेलं तं बसत नाई. मंग बसते तरी काय तुमच्या सिस्टिमात?"

"तारीख," त्या म्हणाल्या.

तो आणखी बराच बोलला. आवाज चढला नाही, पण वरच्या ऑफिसची त्याने सगळ्या पिढ्यांसकट चौकशी केली. त्या ऐकून घेत राहिल्या. मी अर्ज परत मागितला. देताना त्यांनी तो घडी घालून दिला आणि शुल्क आजच भरून टाका, नाही तर यावरही व्याज सुरू होईल, असं हळू आवाजात सांगितलं. मी तिथेच त्यांच्यासमोर भरलं. सहाशे एकतीस आणि अकराशे चौऱ्याण्णव, असे दोघांचे मिळून अठराशे पंचवीस. संसारात दोघांनी मिळून केलेल्या खर्चांपैकी हा बरा म्हणायचा.

बँकेच्या पायऱ्यांवरूनच त्याने मोठेबाबांना फोन लावला. नऊ वर्षं निष्कलंक, बँकेच्या मॅडमनेच तोंडाने कबूल केलं, आणि तरी माफ नाही केलं, असं तो रस्त्यावरच्या लोकांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगत होता. सांगताना त्याला रडू आलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिलो. पलीकडून मोठेबाबांचा आवाज मलाही येत होता. सोळा पैशांचं काय झालं ते ते विचारत होते.

त्या दिवसापासून तिची कीर्ती वाढली. पूर्वी नुसती हुशार बाई होती, आता तिच्यावर अन्याय झालेला आहे. पुसदच्या दुकानात गिऱ्हाइकांना ही गोष्ट कूलरबरोबर मिळते. दर वेळी तिच्यात थोडी भर पडते. मागच्या महिन्यात ऐकली तेव्हा त्यात बँकेचा मोठा साहेब उठून उभा राहिला होता.

हे लिहून मी सगळं उघड करतो आहे हे मला कळतं. पण तिचा भाऊ दुकानाच्या पावत्यांपलीकडे काही वाचत नाही, आणि मोठेबाबांच्या मते छापलेलं असतं ते बहुतेक खोटंच असतं. जूनच्या बिलाची मी एक प्रत छापली. तिच्या डब्यात ठेवली नाही. तिने काढलेलं मी परत लावणं बरं दिसलं नसतं. आमच्या ग्रंथालयात एक जाडजूड ग्रंथ आहे, आल्यापासून तो एकदाही कुणी घरी नेलेला नाही. त्यात ठेवली आहे. ग्रंथाचं नाव सांगत नाही, नाही तर कुणीतरी उगाच वाचायला मागेल.